बातमीतला ‘लेट’ : दिवंगत, कै. की तत्कालीन?

इंग्रजी बातमीत नावाआधी ‘लेट’ दिसला की आपल्याकडे सरसकट ‘दिवंगत’ लिहिलं जातं. बहुतेक वेळा ते चालूनही जातं. काही ठिकाणी मात्र वाक्याचा पार विचका होतो.

आपल्या नाशिकचंच उदाहरण घ्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. आता ‘दिवंगत कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या’ असं लिहून पाहा. गोळ्या झाडल्या तेव्हा माणूस जिवंत होता की! इथे ‘तत्कालीन कलेक्टर’च हवं. हे उदाहरण ढळढळीत आहे म्हणून चूक लगेच दिसते. पण ‘त्या वर्षी दिवंगत आमदारांनी पुलाचं भूमिपूजन केलं’ हे आपण बिनदिक्कत वाचून पुढे जातो. चूक तीच आहे. एपी वृत्तसंस्थेच्या लेखनसंहितेतही हेच बजावलंय की माणसानं हयातीत केलेली कृती सांगताना त्याला ‘लेट’ लावू नये.

मात्र ‘दिवंगत आमदारांनी सुरू केलेलं वाचनालय आता नव्या जागेत जाणार’ हे वाक्य मला बरोबर वाटतं. इथे आपण आजच्या दिवसात उभे राहून त्या माणसाविषयी बोलतोय. घटना कधीची आणि बोलणं कधीचं, एवढं पाहिलं की निम्मे घोळ मिटतात. पदाबद्दल बोलायचं असेल तर ‘तत्कालीन’, माणूस आता नाही हे वाचकाला कळायला हवं असेल तर ‘दिवंगत’.

दुसरी गोष्ट मुदतीची. ‘लेट’मध्ये ‘अलीकडेपर्यंत होते’ ही छटा आहे, म्हणून नेपोलियनला कुणी ‘लेट’ म्हणत नाही. किती वर्षांनी तो गळावा याचा ठरलेला नियम नाही. वाचकाला ती व्यक्ती हयात नसल्याचं माहीत असेल तर शब्दाची गरजच उरत नाही. कुसुमाग्रज १० मार्च १९९९ ला गेले, पण दरवर्षी २७ फेब्रुवारीला त्यांच्या जयंतीच्या बातमीत ‘दिवंगत कुसुमाग्रज’ लिहिलं तर नाशिककराच्या कानाला खटकेल. आपल्या ‘कै.’ला अशी मुदत नाही. लग्नपत्रिकेत पणजोबांनाही तो लागतो, आणि तिथे तो शोभतो.

‘दिवंगत अमुक यांच्या विधवा पत्नी’ हाही प्रकार सर्रास दिसतो. ‘दिवंगत’ म्हटल्यावर ‘विधवा’ कशाला? नुसतं ‘पत्नी’ पुरे.

आता ‘मयत’ हा शब्द बातमीत चालतो का, ते पाहू. हा पोलिसांच्या आणि तलाठ्याच्या दप्तरातला शब्द. ‘मयत खातेदाराच्या वारसांची नोंद’ तिथे अगदी चपखल आहे. पण अपघाताच्या बातमीत पोलिसांच्या प्रेसनोटमधला ‘मयत इसम’ जसाच्या तसा उतरवू नये. कुणाच्या तरी घरी ती बातमी वाचली जाणार असते. ‘मृत तरुण’ म्हणा, किंवा नाव घेऊन ‘यांचा मृत्यू झाला’ म्हणा.

आणि शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजीतला ‘लेट’ कुठल्याही धर्माच्या माणसाला लागतो. आपल्या ‘कै.’मध्ये कैलास आहे, ‘स्व.’मध्ये स्वर्ग. वारकऱ्यांच्या घरी ‘वैकुंठवासी’ म्हणतात, ख्रिस्ती कुटुंबात ‘ख्रिस्तवासी’, मुस्लिम कुटुंबात ‘मरहूम’ किंवा ‘पैगंबरवासी’. बौद्ध समाजात ‘कालकथित’ लिहितात. बाबासाहेबांचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि येवल्याची धर्मांतराची घोषणा ज्या जिल्ह्यात झाली, तिथल्या बातमीदाराला हा शब्द ठाऊक असायलाच हवा. कालकथित व्यक्तीच्या नावाआधी ‘कै.’ छापून आलं तर घरच्यांना ते लागतं, आणि त्यांचं लागणं रास्त आहे. निधनवार्तेत कुटुंबानं लिहून दिलेला शब्द तसाच ठेवावा, कापू नये, बदलू नये. बातमी आपण लिहीत असू आणि घरी विचारायला वेळ नसेल, तर ‘दिवंगत’ सगळ्यांना चालतो.