बर्फ, हिम, स्नो की राडा? आयलाऊच्या टेबलासाठी शब्द हवेत

डोंगरवाट: मंडळी, जरा मदत करा. आमच्या वॉरगेम ग्रुपसाठी (छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया खेळतो) आयलाऊच्या लढाईचं टेबल, म्हणजे रणांगणाची प्रतिकृती, बनवतोय, फेब्रुवारी १८०७, नेपोलियन विरुद्ध बेनिगसेनचे रशियन. २८ एमएम उंचीचे सैनिक आहेत म्हणून पूर्ण रणांगण नाही, फक्त चर्च, दफनभूमीची टेकडी आणि पुढचं मैदान. फोम कापून झालाय, आता दोन पानी नियम मराठीत लिहायला बसलो तर प्रत्येक ओळीत बर्फच बर्फ. वरून पडतो तोही बर्फ, तळं गोठतं तोही बर्फ, रस्त्यावर तुडवून काळा झालाय तोही बर्फच, आणि खेळात तिघांचे नियम वेगळे. पडणाऱ्याला हिम म्हणू का? पोरं हसतील अशी भीती वाटते.

कोशवाचक: हसतीलच. हिम हा शब्द बोलण्यात एकटा येतच नाही, हिमवर्षाव, हिमनदी, हिमशिखर असा समासात येतो. "काल खूप हिम पडलं" असं कोण म्हणतं? गंमत म्हणजे बर्फ हा शब्द फारसीतून आलाय आणि तिकडे बर्फ म्हणजे वरून पडतो तोच, गोठलेल्या पाण्याला ते यख म्हणतात. आपल्याकडे आधी डोळ्यासमोर येते ती भुशात गुंडाळलेली लादी. त्यामुळे नुसतं बर्फ लिहिलं तर वाचणारा गार आणि टणक असंच काहीतरी समजणार.

मिनेसोटाकर: इकडे आम्ही मराठी घरात सरळ स्नो म्हणतो हो. "स्नो काढला का दारातला?" बर्फ म्हणजे फ्रीजमधला. वाद मिटला.

कोशवाचक: तुमच्याकडे मिटला असेल, आमच्या आजीच्या पिढीत स्नो म्हणजे तोंडाला लावायचा, स्नो-पावडर. फ्रेंच पायदळ गुडघाभर स्नोमध्ये उभं होतं असं तिला वाचून दाखवा बघू.

रंगारी: 😂 मी टेबलं बनवतो तर मला शब्द सामानावरून सुचतात. वर टाकायचा तो भुरभुरीत बर्फ, मार्बल पावडर, पांढरा रंग आणि फेविकॉल यांची जाडसर पेस्ट लावायची आणि ओली असतानाच वरून कोरडी पावडर चहाच्या गाळणीतून भुरभुरवायची. खायचा सोडा कितीही स्वस्त असला तरी नको, फेविकॉलमध्ये कालवलेला सोडा पुढे पिवळट पडतो आणि आपल्या पावसाळ्यात ओल धरतो. तळ्याला गोठलेलं तळं, खाली करडा-निळा रंग, वर ग्लॉस व्हार्निशचे दोन-तीन हात, मस्त चमकतं.

तोफखाना: रंगारीभाऊ, पद्धत बरोबर पण आयलाऊला चमकणारं तळं नको!! तिथली तळी आणि दलदल गोठून वर इतका थर बसला होता की सैन्य आणि तोफा त्यावरून गेल्या तरी खाली पाणी आहे हे कळलं नाही. तळं चमकवलंत तर खेळणारा बघूनच वळसा घालणार, मग त्या जागेची मजाच गेली. ते शेतासारखंच दिसलं पाहिजे, नियमाच्या कागदावर फक्त जागा लिहून ठेवा. म्हणून शब्दही गोठलेलं तळं नको, झाकलेलं तळं म्हणा. तळ्यांचं सगळं पान त्या एका शब्दावर उभं राहील.

डोंगरवाट: हे भारी आहे. मग काठ दाखवायला काय करू?

तोफखाना: काठाला सुकलेल्या लव्हाळ्याचे चार-पाच झुबके, झाडूच्या काड्यांचे. ज्याला बघायचं तो बघेल.

रंगारी: मान्य. आणि रस्त्यावरच्या काळ्या बर्फाला राडा म्हणा, दुसरा शब्द शोधूच नका. तपकिरी रंगात थोडी पेस्ट आणि वर व्हार्निशचा एक हात, तो तेवढा ओला दिसलाच पाहिजे. त्यात तोफगाड्यांच्या चाकोऱ्या काढा. आपण हल्ली फक्त चाकोरीबाहेरचे सिनेमे बघतो, पण चाकोरी म्हणजे मुळात चाकाने जमिनीत पाडलेला चर. मी जुन्या खेळण्यातल्या गाडीचं चाक पेस्ट ओली असताना फिरवतो.

मिनेसोटाकर: आणि वाऱ्याने भिंतीला येऊन साचतो त्याला? इकडे ड्रिफ्ट म्हणतात.

कोशवाचक: एका शब्दात नाही सांगता येणार. "आडोशाला साचलेला बर्फ" लिहा, कळतं. बळंच हिमराशी वगैरे करू नका.

तोफखाना: आडोसा शब्द इथे फिट बसतो, कारण त्या दिवशी वादळ फ्रेंचांच्या तोंडावर येत होतं. फ्रेंच सेनापती ओजरोची कोअर, म्हणजे हजारोंची फौज, त्या पांढऱ्या धुरळ्यात वाट चुकून थेट रशियन तोफांपुढे गेली आणि कापली गेली, मग ती फट बुजवायला नेपोलियनच्या घोडदळाचा प्रमुख म्युरा याला दहा हजारांच्या आसपास घोडेस्वार घेऊन हल्ला करावा लागला. म्हणजे टेबलावर प्रत्येक भिंतीच्या फ्रेंच बाजूला ढीग जास्त, रशियन बाजूला दगड उघडे. सगळीकडे सारखा थर दिला की थर्माकोलचा देखावा वाटतो.

डोंगरवाट: वादळाला मात्र हिमवादळ लिहितो, पेपरात रोज वाचतो त्यामुळे कुणी हसणार नाही. बाकी भुरभुरीत, झाकलेलं, राडा, आडोशाचा, असे चार ठेवले. सैनिकांच्या पायाखालच्या चकतीला, बेसला, काय म्हणू?

रंगारी: बेस. फक्त त्यावरही हीच पेस्ट लाव, नाहीतर पांढऱ्या मैदानात हिरवळीचे गोळे घेऊन फिरतील सगळे.