१० मिमी प्लेट प्लाझ्मावर तिरपी कापली जातेय, खाली कडक स्लॅग (वितळून चिकटलेलं लोखंड). मशीन तेच, सेटिंग तेच, मग अर्ध्याच प्लेटा खराब का?

मकरपुरा_शेड (वडोदरा)

नमस्कार मंडळी. शेड मकरपुरा जीआयडीसीत, घर दांडिया बाजारात. बाबांच्या वेळेपासून गॅस कटिंग करतो. मागच्या डिसेंबरात हप्त्यावर सीएनसी प्लाझ्मा टेबल (कॉम्प्युटरवर चालणारं, विजेच्या आर्कने आणि हवेच्या झोताने कापणारं) घेतलं, ५ बाय १० फुटी. सोर्स, म्हणजे आर्कला करंट देणारा डबा, १२० अँपिअरचा इन्व्हर्टर, हाय फ्रिक्वेन्सीवर स्टार्ट होणारा. सरळ मशीन टॉर्च, उंचीसाठी टीएचसी, म्हणजे आर्कचं व्होल्टेज बघून टॉर्च आपोआप वर-खाली करणारा. कॉम्प्रेसर साडेसात एचपी.

हिवाळ्यात मशीन लोण्यासारखं चाललं. पाऊस लागला आणि ग्रहण लागल्यासारखं झालं. गेल्या आठवड्यात एका पार्टीच्या ४० बेस प्लेटा होत्या. आयएस २०६२ पोलाद, १० मिमी, २५० बाय २५०, एका कोपऱ्यात ६० बाय ४० चा खाचा, एम१६ बोल्टसाठी १८ मिमीची चार भोकं. २० डाव्या, २० उजव्या. त्यातल्या २४ परत आल्या, चॅलनवर लाल पेनाने "टेपर" लिहून.

तक्रार खोटी नाही. प्लेट उलटी ठेवून गुण्या लावला की पातं खालच्या धारेला टेकतं आणि वरच्या धारेपाशी दीड मिमीची फट राहते. भोक वरून १८, खालून व्हर्निअरमध्ये १६ सुद्धा भरत नाही. खालच्या कडेला बारीक मण्यांची माळ चिकटलेली, छिन्नीला दाद देत नाही, ग्राइंडरच फिरवावा लागतो. बाकीच्या १६ मात्र ठीकठाक!

१०० अँपिअर, २४०० मिमी प्रति मिनिट. स्पीड १२०० केला तर मण्यांऐवजी जाड फुगीर स्लॅग. अँपिअर १२० केले तर नोझलचं तोंड जळून लंबगोल. पूर्वी दिवसाला एक नोझल जायचं, आता जेवणापर्यंत तीन. चार दिवस रात्री नऊपर्यंत आकडे बदलतोय. हेल्पर म्हणतो, शेठ, मशीनला नजर लागली. कुणी सांगाल का?

जुना_पँटोग्राफ (वडोदरा)

आधी स्क्रीनवरचा हात काढ बघू. तीन आकडे एकदम बदललेस की कोणत्याने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मला एवढंच सांग, परत आलेल्या २४ मध्ये डाव्या किती आणि उजव्या किती? आणि डाव्यांचं ड्रॉइंग वेगळं केलंस की कंट्रोलरवरच मिरर मारलास?

मकरपुरा_शेड

काका, आत्ता शेडमध्ये जाऊन मोजल्या. वीसच्या वीस डाव्या परत आल्यात, उजव्या फक्त चार. आणि हो, ड्रॉइंग उजव्याचंच केलं होतं, डाव्यांना मिरर मारला. पण माप तर बरोबर आलंय, मग मिररने काय बिघडणार?

जुना_पँटोग्राफ

माप बरोबर येणारच. पण मिररमध्ये प्लेटचा आकार उलटतो तशी टॉर्चची चालही उलटते. इथेच भल्याभल्यांची गाडी घसरते.

टॉर्च उघड. नोझलच्या मागे स्वर्ल रिंग असते, तिला तिरकी बारीक भोकं असतात. हवा त्यातून गरगरत बाहेर पडते, म्हणून आर्कही फिरत फिरत खाली जातो. त्यामुळे कटाच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. नेहमीच्या रिंगमध्ये टॉर्च ज्या दिशेला चालते तिच्या उजव्या हाताची बाजू सरळ येते, डाव्या हाताची तिरपी. चांगली बाजू कामाला लागावी आणि वाईट भंगारात जावी, एवढंच बघायचं. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतलं भोक घड्याळाच्या उलट. तू मिरर मारलास आणि वीस प्लेटांत सरळ बाजू भंगाराला दिलीस.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एक सरळ पट्टी काप, पलीकडच्या अंगाचा तुकडाही टाकू नकोस. कटाच्या दोन्ही कडांना गुण्या लाव, म्हणजे तुझ्या रिंगची चांगली बाजू कोणती ते कळेल. मग डाव्याचा प्रोग्रॅम वेगळा बनव, नेस्टिंगमध्ये (प्लेटवर तुकडे मांडतोस तिथे) दिशा तपास, आणि कंट्रोलरवरच्या मिररच्या बटणावर टेप लाव.

पण दीड मिमी जास्त आहे. दहा मिमीला तीन अंश तिरपेपणा धरला तर अर्धा मिमी होतो, तेवढा प्लाझ्मात चालतो. वरची धार आत आणि खालची बाहेर म्हणजे टॉर्च उंच चालतेय असाही अर्थ होतो. उलटं असतं तर खाली चालतेय म्हटलं असतं. उंचीचं नंतर बघू. त्या चार उजव्या कधी कापल्यास?

मकरपुरा_शेड

शेवटच्या. दुपारी चारनंतर. त्या दिवशी सकाळपासून नुसती रिपरिप.

इंदूरचा_फॅब्रिकेटर

मग दोष कॉम्प्रेसरच्या ओल्या हवेचा आहे, भाऊ. सांवेर रोडला माझंही हेच झालं होतं, मीही आधी सोर्सवाल्यालाच शिव्या घातल्या.

दोन गोष्टी करा. एक, टॉर्चमधून नुसती हवा सोडा (सोर्सवर गॅस टेस्टचं बटण असतं, आर्क लागत नाही) आणि खाली पांढरा कोरा कागद अर्धा मिनिट धरा. दुसरं, ती हवा वाहत असतानाच गेज बघा. बंद हवेत गेज काय दाखवतो याला काडीची किंमत नाही.

फायबर_फॅन

२०२४ मध्ये प्लाझ्मा कोण घेतं? लेझर घ्या, सगळे प्रश्न संपतील.

जुना_पँटोग्राफ

हप्ते तुम्ही भरणार असाल तर उद्याच ऑर्डर देतो तो.

मकरपुरा_शेड

दोन्ही करून बघितलं. कागदावर बारीक ओले ठिपके, मधोमध पिवळसर डाग. म्हणजे पाणी आहेच, तेलही येतंय. आणि गेज बघून तर डोळेच उघडले. बंद असताना साडेसहा बार, बटण दाबलं की ४.२! माझ्या सोर्सला हवा वाहत असताना ५ बार लागतात असं मॅन्युअलमध्ये लिहिलंय. मी रोज बंद गेजकडे बघून खूश होत होतो.

कॉम्प्रेसर मागच्या भिंतीला आहे, तिथून ८ मिमीची पीयू नळी १८ मीटर. फिल्टर कॉम्प्रेसरच्या अगदी तोंडाशी.

इंदूरचा_फॅब्रिकेटर

सापडलं की. फिल्टर चुकीच्या जागी आहे. कॉम्प्रेसरमधून हवा गरम बाहेर पडते, पाणी तेव्हा वाफेतच असतं. फिल्टर थेंब पकडतो, वाफ कशी पकडेल? पुढे १८ मीटरमध्ये हवा गार होते, नळीतच थेंब पडतात आणि ते थेट टॉर्चमध्ये जातात. इलेक्ट्रोडच्या टोकावर हाफ्नियमचा जो ठिपका असतो तो ओल्या हवेत लवकर खड्डा पडून खलास होतो. मग आर्क मधोमध राहत नाही, नोझलचं भोक एका बाजूने खातो, आणि तुम्ही म्हणता टेपर.

वॉटर सेपरेटर आणि तेलाचा बारीक फिल्टर मशीनशी लावा. नळी १२ मिमीची टाका, जमलं तर जीआय पाइप उताराने न्या आणि शेवटी ड्रेन कॉक ठेवा. टाकी सकाळी आणि जेवणानंतर रिकामी करा. पावसाळाभर काम असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायर घ्यावाच लागेल, त्यात काटकसर करून मी दोन पावसाळे नोझलवाल्याचं घर चालवलं.

वेल्डिंग_ताई (वडोदरा)

मध्येच बोलते. या बेस प्लेटांना पुढे वेल्डिंग आहे का? हवेच्या प्लाझ्माने कापलेल्या कडेत नायट्रोजन मुरतो, त्याच कडेवर थेट वेल्ड घातला तर आत पोरोसिटी, म्हणजे बारीक पोकळ छिद्रं, येऊ शकते. वरून काही दिसत नाही. वेल्ड येणार आहे तेवढी कड चकचकीत होईपर्यंत ग्राइंड करून द्या, नाहीतर पार्टी पुढच्या वेळी "टेपर"ऐवजी दुसरंच काहीतरी लिहील.

मकरपुरा_शेड

ताई, आहे. एका कडेला वेल्ड आहे. हे माहीतच नव्हतं, धन्यवाद.

अपडेट: सेपरेटर आणि फिल्टर मशीनपाशी आणले, १२ मिमीची नळी टाकली. वाहत्या हवेत आता ५.३ बार, रेग्युलेटरने ५ वर आणला. कागद कोरडा. ड्रायर पुढच्या महिन्यात, पैसे आले की. दिशाही सुधारली. फरक जमीन-अस्मानाचा. पण खाच्याच्या आतल्या कोपऱ्यात टॉर्च अजून डुबकी मारते, काल तर प्लेटला टेकलीच. आणि व्होल्टेज स्क्रीनवर सारखं नाचतं.

जुना_पँटोग्राफ

अर्थचा क्लॅम्प कुठे लावलाय?

मकरपुरा_शेड

टेबलच्या फ्रेमला. पहिल्यापासून तिथेच आहे.

जुना_पँटोग्राफ

तरीच. प्लेट पट्ट्यांवर टेकते आणि त्या पट्ट्यांवर सात महिन्यांचा स्लॅग. करंट जाणार कुठून? क्लॅम्प थेट प्लेटला लाव, जागा घासून. मशीनला अर्थचा रॉड वेगळा ठोक, आणि टॉर्चची केबल कंट्रोलरच्या वायरींपासून लांब ने. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्टला कंट्रोलर हँग होत नाही हे तुझं नशीब.

आता डुबकी. कोपऱ्यात मशीन हळू होतं. हळू झालं की कटाची फट रुंदावते, आर्क लांबतो, व्होल्टेज चढतं. टीएचसीला डोळे नाहीत, त्याला वाटतं टॉर्च वर गेली, म्हणून तो खाली ढकलतो. कंट्रोलरमध्ये कोपऱ्यावर उंची रोखून धरायचं पॅरामीटर असतं, स्पीड ठरलेल्याच्या इतक्या टक्क्यांखाली गेला की टीएचसी गप्प. ते ८५ ला ठेवून बघ. भोकांत तर टीएचसी पूर्ण बंदच.

राहिली उंची. टीएचसीचा आकडा कुणाकडून उसना घेऊ नकोस, माझ्याकडूनही नाही. सपाट प्लेट घे, नवा इलेक्ट्रोड, नवं नोझल. टीएचसी बंद कर. तुझ्या तक्त्यात कटिंगची उंची ३ मिमी असेल तर ३ मिमी ड्रिलचा दांडा नोझलखाली सरकवून टॉर्च बसव, मशीन बंद असताना. गुण्याने टॉर्च दोन्ही बाजूंनी उभी आहे ना बघ. मग अर्धा मीटर सरळ काप आणि कट चालू असताना स्क्रीनवर कोणता व्होल्ट ठरतो तो पेन्सिलीने लिही. तोच तुझा आकडा. इलेक्ट्रोड झिजत गेला की त्याच उंचीला व्होल्टेज जास्त लागतं, आकडा तोच ठेवलास तर टॉर्च हळूहळू खाली बसते. म्हणून दुपारी दोन-तीन व्होल्ट वाढवावे लागतात.

पिअर्सिंग, म्हणजे सुरुवातीला प्लेट आरपार भेदणं, मात्र ३ वर करू नकोस, ६ वर कर. वितळलेलं लोखंड उलटं उडून नोझलच्या तोंडात बसतं. तुझी निम्मी नोझलं त्यानेच गेली असणार.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढलं ते हाताला काम शिकवायला. मी तिथलाच. पेन्सिलीने लिहायची सवय तिथली.

मकरपुरा_शेड

काका, पिअर्सिंग साडेतीनवर होतं. आणि कट पाच-साडेपाचवर चालत होता, कारण व्होल्टेजचा आकडा मशीन बसवायला आलेल्या मुलाने टाकलेला, मी कधी बघितलाच नाही. ड्रिलचा दांडा लावून १२८ व्होल्ट आला, पूर्वी १४५ होता.

मग एकट्या स्पीडवर बसलो. १०० अँपिअर कायम, १४०० पासून पन्नास-पन्नासने वर. प्रत्येक पट्टीवर खडूने आकडा लिहिला आणि कडेवरच्या रेषा बघितल्या. १४०० ला रेषा जवळजवळ उभ्या आणि खाली फुगीर स्लॅग, पण हातोडीच्या एका टोल्यात पडणारा. १७५० ला रेषा मागे थोड्या कललेल्या, स्लॅग नखाने निघाला. खरंच नखाने, ग्लोव्ह काढून बघितलं, प्लेट गार झाल्यावर. १९५० ला खाली परत ती मण्यांची माळ सुरू. १७५० वर थांबलो. हा आकडा माझ्या मशीनचा, कुणी कॉपी करू नका.

भोकं १०५० ने, मधून लीड-इन (कडेपर्यंत येणारा सुरुवातीचा कट) घेऊन, घड्याळाच्या उलट, टीएचसी बंद. वरून १८, खालून १७.३. बोल्ट हाताने जातो. फक्त जिथे लीड-इन कडेला मिळतो तिथे छोटा खळगा राहतो.

जुना_पँटोग्राफ

तो राहणारच. भोक पूर्ण झाल्यावर आर्क दोन-तीन मिमी पुढे नेऊन बंद कर, कमी होईल. दहा मिमी प्लेटला १८ चं भोक म्हणजे तसंही काठावरचं काम आहे. जाडीच्या दीडपटीखाली गेलास तर प्लाझ्माने नुसती खूण कर आणि ड्रिल मार.

मकरपुरा_शेड

२४ प्लेटा नव्याने कापून काल दिल्या. माल माझ्याच खिशातून गेला, ते दुखतंय. पार्टीच्या माणसाने सहा प्लेटांना गुण्या लावला, काही न बोलता चॅलनवर सही केली. सकाळपासून अकरा तास काम आणि नोझल एकच.

काका, रविवारी घरी असाल तर लीलो चेवडो घेऊन येतो. आणि येताना टेबलचे कर्ण कसे मोजायचे तेही विचारायचंय, ६००-८०० च्या आयताचा कर्ण मला १००१.५ येतोय.

जुना_पँटोग्राफ

ये. गॅन्ट्रीचं, म्हणजे टॉर्च धरणाऱ्या आडव्या पुलाचं, एक टोक पुढे आहे. टेप आणू नकोस, माझ्याकडे स्टीलची आहे.