बदक, टेरेसवरची तार आणि संध्याकाळची खरखर

सोसायटीचा ग्रुप, गुरुवार रात्र

ए-302: कोणी बदक पाळलंय का बिल्डिंगमध्ये? मस्करी नाही करत. टीव्ही बंद आहे, होम थिएटर नुसतं चालू राहिलंय आणि स्पीकरमधून दहा मिनिटं झाली क्वॅक क्वॅक चाललंय, मधेच माणूस बोलल्यासारखं वाटतं पण एक शब्द कळेल तर शपथ

ए-503: बदक नाही पण आमचं वायफाय संध्याकाळपासून मेलंय. बी विंगच्या टेरेसवर ती तार लावलीय ना, तिचेच प्रताप

सी-202: मी जनरल बॉडीत बोललो होतो. तेव्हा सगळे चहा पीत होते.

सी-404: गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? काढा प्लीज, मला निघायचंय

सी-202: आणि परवा लिफ्ट अडकली. आणि आमचा सेट टॉप बॉक्स पाऊस नसताना जातो. हे लीगल आहे का मुळात? सेक्रेटरी काहीतरी बोला.

सेक्रेटरी: जेवतोय. 704 उत्तर देतील.

बी-704: नमस्कार मंडळी, तारवाला हजर आहे. ती तार माझ्या हॅम रेडिओची अँटेना आहे, म्हणजे छंद म्हणून लांबच्या लोकांशी बोलायचा रेडिओ. आत्ताच बंद केला. 302 दादा, ते बदक मीच. माझ्या लॉगच्या वहीत 9:28 ते 9:40 लिहिलंय, 7.090 मेगाहर्ट्झवर सोलापूरच्या एका स्टेशनशी बोलत होतो, तुमची वेळ बरोबर जुळतेय, त्यामुळे ते माझ्या खात्यावर लिहा आणि सॉरी. उद्या येऊन बंदोबस्त करतो, खर्च माझा.
वायफायचं मात्र अवघड वाटतंय, कारण ते 2.4 नाहीतर 5 गिगाहर्ट्झवर आणि मी 7 मेगाहर्ट्झवर, म्हणजे तीनशेपटीच्या वर फरक झाला. डिशच्या केबलमधून येतं ते 950 ते 2150 मेगाहर्ट्झ. अगदीच अशक्य आहे असं नाही म्हणत, जवळ जोराचा सिग्नल असला की अडॅप्टरच्या वायरीतून घुसू शकतो, म्हणून ज्याला जे होतंय त्याने फक्त तारीख आणि वेळ लिहून ठेवा, मी वहीशी ताडून बघतो. लिफ्ट अडकली त्या दिवशी मी सासुरवाडीला जळगावला होतो आणि रेडिओ कपाटात.

सी-202: लायसन्सचं विचारलं होतं.

बी-704: आहे ना. दूरसंचार खात्याची वायरलेस विंग आहे, डब्ल्यूपीसी म्हणतात, ते परीक्षा घेतात, पास झालात की लायसन्स आणि व्हीयूने सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं आपलं नाव, मिळतो. झेरॉक्स सोसायटीच्या फाइलमध्ये आहे, सेक्रेटरींनी सही करून घेतलीय.

सेक्रेटरी: हो आहे. आमटी गार झाली माझी.

ए-302: पण मला हे सांगा, मी रेडिओ घेतलेलाच नाही, माझ्या स्पीकरला तुमचं ऐकू कसं येतं?

बी-704: स्पीकरच्या लांब वायरी असतात ना दादा, त्याच अँटेना होऊन बसतात. सिग्नल वायरीतून अॅम्प्लिफायरमध्ये शिरतो, आत ट्रान्झिस्टर असतात ते त्याला आपलं गाणं समजून मोठं करतात. आम्ही बोलतो ते एसएसबी नावाच्या पद्धतीने, त्यात आवाज वाहून नेणारी मूळ कॅरियर लहर पाठवतच नाही, ती घेणाऱ्याच्या रेडिओने आपली आपण घालायची असते. तुमच्या अॅम्प्लिफायरला ते कुठून जमणार, म्हणून शब्द लागत नाहीत आणि बदक ऐकू येतं. जुन्या एएम पद्धतीने, कॅरियरसकट बोललो असतो तर सोलापूरच्या पावसाच्या गप्पा तुम्हाला स्वच्छ ऐकू आल्या असत्या

ए-302: नको त्यापेक्षा बदक बरं

ए-503: आमच्याकडे बाळ आहे आठ महिन्यांचं. रेडिएशनचं काय?

बी-704: ताई, विचारलंत ते बरं केलंत. पॉवर जास्तीत जास्त 100 वॅट, आणि त्यातही आमचा बहुतेक वेळ ऐकण्यात जातो, ऐकताना तार काहीच सोडत नाही. या लहरी एक्सरेसारख्या नसतात, शरीरातल्या रेणूंची मोडतोड करण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते, फार जोरात आणि फार जवळून मिळाल्या तर उष्णता होते, म्हणून अंतर ठेवायचं. तार तुमच्या घरापासून भरपूर लांब आहे, वेगळ्या विंगवर. खरी काळजी घ्यायची ती तारेच्या दोन टोकांची, बोलताना तिथे व्होल्टेज खूप चढतं, हात लागला तर चटका बसतो, म्हणून टोकं डोक्याच्या वर बांधलीत आणि पाटी लावलीय. कृपा करून त्या दोरीवर कपडे वाळत घालू नका, मागच्या आठवड्यात कोणाची तरी गोधडी होती

बी-601: आमची होती. ऊन तिथेच छान येतं

शुक्रवार

ए-302: 704 येऊन गेले. स्पीकरच्या वायरी एका काळ्या बांगडीत आठ-आठ वेळा गुंडाळल्या. बायको म्हणतेय हे काय भूत उतरवणं चाललंय

बी-704: फेराइटची रिंग आहे ती वहिनी, वायरीतून शिरणारा रेडिओ सिग्नल अडवते. बाजारात चिमट्यासारखे क्लिप मिळतात ते एकदा लावून माझ्या फ्रिक्वेन्सीला फारसं काही होत नाही. वेढे वाढवले की अडवण्याची ताकद वेढ्यांच्या वर्गाने वाढते, एकाच्या जागी आठ वेढे म्हणजे साधारण चौसष्टपट. रिंग पण कुठलीही चालत नाही, 31 नंबरच्या मिक्सची, म्हणजे फेराइटच्या त्या मिश्रणाची, ऑनलाइन मागवलेली आहे. आता टेस्ट करू. दादा, स्पीकर चालू ठेवा, मी 10 वॅटवर बोलतो

ए-302: काही नाही

बी-704: आता 50

ए-302: शांत

बी-704: आता पूर्ण 100

ए-302: बदक आहे अजून पण शेजारच्या गावात गेलंय

बी-704: सबवूफरची राहिली असणार. रविवारी तिला पण घालतो, आणि मेनच्या वायरीला एक. तोवर रात्री नऊनंतर बोलत नाही, नुसता ऐकतो. म्हणजे ऐकायचा प्रयत्न करतो, कारण आता माझीही एक तक्रार आहे. इतके दिवस बोललो नाही, म्हटलं आधीच तारेवरून वातावरण तापलंय.
गेले दोन-तीन महिने रोज संध्याकाळी साडेसहाला माझ्या रेडिओवर खर्रर्र करून भिंत उभी राहते. सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस-9 वर, एरवी एस-4 असतो. एका घराला 6 डेसिबल, पाच घरं म्हणजे 30 डेसिबल, म्हणजे हजारपट जास्त गोंगाट. त्याच्याखाली सोलापूर कसंबसं ऐकू येतं, लांबची स्टेशनं तर गेलीच. पहिल्यांदा आपलंच घर बघायचं असतं, म्हणून मेन स्विच पाडून रेडिओ बॅटरीवर लावला. माझा लॅपटॉपचा चार्जर आणि बेडरूमचा जुना गोल फिरवायचा फॅन रेग्युलेटर दोन्ही चोर निघाले, दोन्ही बदलले. थोडी कमी झाली, पण भिंत आहे तिथेच.

सी-202: म्हणजे आता आम्ही तुम्हाला त्रास देतोय?

बी-704: कोणीतरी देतंय, पण त्या बिचाऱ्याला माहीत नसणार. एलईडीचे ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा आतला भाग), मोबाइलचे चार्जर, सीसीटीव्हीचे अडॅप्टर, सोलरचे इन्व्हर्टर, या सगळ्यात वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते, नीट बनवलेलं असेल तर घाण आतच अडते, स्वस्तातलं असेल तर ती वायरिंगमध्ये उतरते आणि सगळ्या बिल्डिंगची वायरिंगच अँटेना होते.

ए-101: अरे 704, मी ग्रुपवर लिहीत नाही फारसं. नात टाइप करून देतेय. माझ्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणीचं पुणे केंद्र लावतो, मिडियम वेव्हवर 792. सकाळी सातनंतरच्या बातम्या काचेसारख्या स्वच्छ येतात. संध्याकाळी सातच्या बातम्यांना नुसती खरखर. मला वाटत होतं तुझ्या तारेनेच होतंय, पण म्हटलं मुलगा चांगला आहे, नमस्कार करतो, कशाला बोला

बी-704: काका!!! तुम्ही आधी का नाही बोललात

ए-101: तू आधी का नाही विचारलंस

बी-704: सकाळी सातनंतर स्वच्छ, संध्याकाळी सातला खराब, आणि माझ्याकडे साडेसहाला सुरू. सेक्रेटरी साहेब, जिन्याच्या आणि पार्किंगच्या लाइटचा टायमर किती वाजताचा आहे?

सेक्रेटरी: संध्याकाळी 6:30 ते सकाळी 6:00. का?

बी-704: काका, उद्या संध्याकाळी तुमचा ट्रान्झिस्टर उसना द्याल का? आणि तुम्ही पण या सोबत

शनिवार

ए-503: पार्किंगमध्ये काका आणि 704 ट्रान्झिस्टर हातात धरून गोल गोल का फिरतायत? बाळ बघून हसतंय

बी-704: चोर शोधतोय ताई. या ट्रान्झिस्टरच्या आत फेराइटची आडवी कांडी असते, तीच मिडियम वेव्हची अँटेना. कांडीचं टोक आवाजाच्या दिशेला आलं की खरखर एकदम पडते, आडवी धरली की वाढते. माझ्या लाखभराच्या रेडिओला हे जमत नाही, काकांच्या ट्रान्झिस्टरला जमतं. पण खांबाजवळ गेलं की सगळीकडूनच ओरडतो, कारण पाइपातल्या वायरी बिल्डिंगभर फिरल्यात. आता मीटर रूममध्ये एक-एक एमसीबी पाडून बघायची. दोन मिनिटं जिन्यात अंधार होईल, घाबरू नका

सी-404: सांगून करत जा ना, मी तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन उभी आहे

बी-704: सॉरी सॉरी, लावला

ए-101: पंप बंद केला, फरक नाही. लिफ्टने वर जाताना खाली येताना थोडं कुरकुर केलं, थांबली की गप्प. गेटचे लाइट बंद, फरक नाही. पार्किंग आणि जिन्याची एमसीबी पाडली आणि लगेच गाणं लागलं. कानावर विश्वास बसेना. नात लिहितेय पण शब्द माझे आहेत

सी-202: कुठले लाइट? दिवाळीच्या आधी बदलले ते?

बी-704: तेच. बावीस फिटिंग एकाच लॉटचे. एक खाली काढून उघडलं. बोर्डावर फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली आहे, खुणा आहेत, पण कॉइलच्या जागी नुसता तारेचा तुकडा टाकलाय, आणि शेजारच्या कपॅसिटरची भोकं रिकामी. म्हणजे डिझाइन करणाऱ्याला माहीत होतं, बनवताना वाचवलं. एकेकाचा आवाज फार नाही, बावीस मिळून भजनी मंडळ होतं.

खजिनदार: लगेच बदला म्हणू नका. ते लाइट तीन कोटेशन मागवून घेतलेत आणि सर्वात कमीवाल्याला दिलेत, तुम्हीच सगळ्यांनी हात वर केले होते.

बी-704: मी पण केला होता, कबूल.

सी-202: एका माणसाच्या छंदासाठी सोसायटीने खर्च का करायचा? इंटरनेटच्या जमान्यात रेडिओवर बोलून करायचंय काय?

ए-503: दादा, एवढं पण नको बोलायला. 2004 च्या सुनामीत अंदमानचे फोन गेले होते तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद म्हणून हॅमवाल्या बाईंनी रेडिओवरून निरोप पोचवले होते, मला शाळेत असताना यावर प्रोजेक्ट होतं. त्या तिथे छंदाच्याच कामाला गेल्या होत्या.

बी-704: थँक यू ताई. पण 202 दादांचं पैशाचं म्हणणं चूक नाही, माझ्यासाठी करा असं मी म्हणणारच नाही. मला वाटतं फिटिंग तीच ठेवायची, फक्त आतला ड्रायव्हर बदलायचा. एकामागे शंभर-सव्वाशेचा फरक पडेल. तापकीर गल्लीतून दोन-तीन प्रकारचे नमुने आणतो माझ्या पैशाने, काकांच्या ट्रान्झिस्टरजवळ धरून बघतो, जो गप्प राहील तो घेऊ. तसेही त्या बावीसमधले चार लाइट आत्ताच लुकलुकतायत, ते बदलायला लागणारच आहेत.

खजिनदार: लुकलुकतायत हे कोणी सांगितलं नाही मला

सेक्रेटरी: तीनदा टाकलंय ग्रुपवर. गाडी आणि गोधडीच्या खाली गेलं असेल.

बी-601: गोधडी काढली हो

दोन आठवड्यांनी

बी-704: बावीसपैकी अठरा ड्रायव्हर बदलून झाले, बाकीचे सी विंगचे, वायरमन मंगळवारी येतोय. साडेसहाला टायमर लागला आणि मीटर एस-5 वर, बरंच आहे. काल रात्री इंडोनेशिया ऐकलं, इथून, सिंहगड रोडवर बसून. 302 दादा, बदक?

ए-302: सबवूफरची रिंग घातल्यापासून नाही. पोरगी विचारतेय गेलं का ते, तिला आवडायचं. आणि तुमच्याकडे स्पेस स्टेशन ऐकू येतं म्हणे?

बी-704: येतं ना, 145.800 मेगाहर्ट्झवर, डोक्यावरून जात असेल तेव्हा आणि तिथला रेडिओ चालू असेल तेव्हा. पाठवा तिला रविवारी, पण दहा मिनिटांच्या आत क्षितिजाखाली जातं, उशीर करायचा नाही

सी-202: आमचा सेट टॉप बॉक्स अजून जातोय.

बी-704: वेळा लिहिल्यात का दादा?

सी-202: लिहिल्यात. तुमच्याशी एकही जुळत नाही. डिशचं केबलचं टोक गंजलंय म्हणतोय माणूस.

ए-101: आज सातच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. आवाज स्वच्छ. ट्रान्झिस्टर परत करताना सेल कोणी काढून घेतले ते मात्र कळलं नाही

बी-704: माझ्याच खिशात आहेत काका, आणून देतो