फुकट मिळतं त्याचे पैसे द्यावेत का? आणि द्यायचे तर कुणाला, कसे?

शाईदौत

नमस्कार. सल्ला हवा आहे, थोडं सविस्तर लिहिते.

गेली तीन वर्षं मी एका व्यक्तीचे पुस्तकबांधणीचे व्हिडिओ बघून जुनी पुस्तकं दुरुस्त करायला शिकले. चेहरा कधी दिसत नाही, फक्त दोन हात दिसतात. फर्मे (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे जुडगे) सुटे कसे करायचे, दोऱ्याला मेण का लावायचं, खळ किती पातळ ठेवायची, सगळं शांतपणे, घाई न करता. वडिलांच्या डायरीचा कणा तुटला होता, पानं हातात येत होती. ती मी याच व्हिडिओंवरून शिवली. पाचव्या भोकातून सुई परत आत घेताना दोरा कुठल्या बाजूने ओढायचा, ते पाच सेकंद मी निदान वीस वेळा मागे नेऊन पाहिले असतील.

गेल्या आठवड्यातल्या व्हिडिओच्या शेवटी दोनच वाक्यं होती. नोकरी धरली आहे, आता दोन महिन्यांतून एखादा व्हिडिओ जमेल. खाली आर्थिक मदतीसाठी दुवा होता. तो दुवा तीन वर्षं तिथेच होता. मी आजवर एकदाही उघडला नव्हता, आणि त्या दिवशी उघडून बंद केला.

मला खरंच कळत नाहीये. मागितलेलं नसताना, सगळ्यांसाठी खुलं ठेवलेलं असताना पैसे द्यायचे का? द्यायचे तर किती? मी असे सहा-सात जण नियमित बघते-वाचते, सगळ्यांना देणं मला परवडणार नाही. आणि दिलेल्यातलं त्यांच्या हातात नेमकं किती पडतं? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

भिरभिरं

द्या. तीन वर्षं शिकलात, डायरी वाचवलीत, अजून काय कारण हवं? किती द्यायचे हा प्रश्न मात्र माझाही आहे. वाचत राहते.

रेषेवरची

ताई, मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आठ वर्षं आंतरजालावर चित्रकथा काढते आहे, सगळी पानं फुकट वाचता येतात.

एका पानाला मला साधारण चार दिवस लागतात. पहिला दिवस नुसता खोडण्यात जातो. मग पेन्सिल, मग शाई, मग अक्षरं. वाचणाऱ्याला ते पान अर्ध्या मिनिटात संपतं आणि तसंच संपायला हवं, पण त्या अर्ध्या मिनिटावर जाहिरातीतून जे मिळतं त्यात माझा शाईचा खर्चही निघत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी जिथे काम टाकायचे तिथल्या जाहिराती एका सकाळी माझ्यापुरत्या बंद झाल्या. छापील उत्तर आलं, कारण कळलं नाही. पुन्हा सुरू व्हायला तीन महिने गेले. त्या तीन महिन्यांत माझी कथा चालू राहिली ती साठेक वाचकांच्या महिन्याच्या वर्गणीवर. रक्कम मोठी नव्हती. पण ती पुढच्या महिन्यातही येणार हे मला माहीत होतं, आणि त्या भरवशावर मी एक जाहिरातीचं काम नाकारू शकले. ते घेतलं असतं तर पन्नास दिवस माझ्या पानांना हात लागला नसता.

म्हणून माझं उत्तर: द्याच, आणि रकमेपेक्षा नियमितपणाकडे बघा. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेने मला आनंद होतो. नियमित येणाऱ्या छोट्या रकमेने मला पुढच्या सहा महिन्यांचं ठरवता येतं.

साधाहिशेब

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

ज्याने स्वखुशीने फुकट ठेवलं त्याचं देणं लागतो असं मी मानत नाही. आवडलं तर जरूर द्यावं, पण कर्तव्य म्हणून नको. दर महिन्याला खात्यातून जाणाऱ्या वर्गण्यांची यादी मी मागे काढली, तेव्हा त्यातल्या निम्म्या कशासाठी सुरू केल्या होत्या तेच आठवेना. शिवाय एका पॉडकास्टची वर्षभराची वर्गणी भरली होती. दोन भाग आले आणि मग शुकशुकाट. ना खुलासा, ना पैसे परत. आपण देणगी देतोय की काही विकत घेतोय, हे देतानाच स्पष्ट नसेल तर असा मनस्ताप होतो.

रेषेवरची

साधाहिशेब, राग कसला. तुमच्या बाबतीत झालं ते चुकीचंच झालं. वर्षाचे पैसे घेऊन न कळवता थांबणं मला कुठल्याच अडचणीत पटत नाही. मागच्या वर्षी आजारी पडले तेव्हा मी दोन महिन्यांची वसुली थांबवली आणि सगळ्यांना तसं लिहिलं. महिन्याची वसुली थांबवायची सोय पॅट्रिऑनसारख्या, चाहत्यांकडून वर्गणी गोळा करून देणाऱ्या संकेतस्थळांवर असते. तेव्हा देण्याआधी त्या माणसाचं गेल्या वर्षभराचं काम आणि बोलणं बघा, एवढं मी आवर्जून सांगेन.

देणं लागतो की नाही, यावर मात्र माझं मत वेगळं आहे. झालेल्या पानाची किंमत मी मागतच नाही, ते तुम्हाला दिलेलंच आहे. प्रश्न पुढच्या पानाचा आहे. ते व्हावं असं वाटत असेल तर कुणीतरी त्या चार दिवसांचा भार उचलायला हवा, आणि ज्याला ते हवंय त्याच्याखेरीज कोण उचलणार?

तारायंत्र

वरच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. माझ्या क्षेत्रातलं उदाहरण देतो, कारण तिथे 'कुणीतरी देत असेल' या समजुतीची मोठी किंमत मोजावी लागली आहे.

ओपनएसएसएल नावाचं मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणारं सॉफ्टवेअर आहे. संकेतस्थळाशी आपली देवाणघेवाण कूटबद्ध करायला, म्हणजे ती मध्येच तिसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून, जगातल्या असंख्य सर्व्हरवर ते वापरतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात हार्टब्लीड ही गंभीर त्रुटी सापडली आणि जगभर धावाधाव झाली. तेव्हा लोकांना कळलं की हे काम मूठभर माणसं सांभाळत होती, त्यातला पूर्णवेळ फक्त एक, आणि वर्षाकाठी येणाऱ्या देणग्या होत्या सुमारे २००० डॉलर. वापरणाऱ्यांत गडगंज कंपन्या होत्या. त्रुटी उघड झाल्यावर मग मुक्त सॉफ्टवेअरला पाठबळ देणाऱ्या लिनक्स फाउंडेशन या संस्थेच्या पुढाकाराने निधी उभा राहिला.

अजून एक गोष्ट. पान सापडलं नाही की दिसणारा ४०४ आकडा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच मालिकेत ४०२ आहे, अर्थ 'पैसे भरणे आवश्यक'. वेबचे नियम लिहिणाऱ्यांनी १९९० च्या दशकातच तो पुढच्या वापरासाठी राखून ठेवला. वाचता वाचता किरकोळ रक्कम देण्याची सोय कधीतरी होईल अशी अपेक्षा होती. ती सर्वमान्य सोय काही झाली नाही. ती जागा जाहिरातींनी भरली, आणि आज आपण त्याच मांडणीत राहतोय. ताई, तुम्ही दुवा उघडून बंद केलात ना, त्यात तुमचा चुकारपणा नाही. देणं इतकं अवघड आणि फुकट घेणं इतकं सोपं राहिलं, त्याला हेही कारण आहे.

सूरपेटी

संगीतापुरतं लिहिते, कारण इथे 'मी आधीच पैसे भरते' हा गैरसमज फार आहे.

बहुतेक मोठ्या स्ट्रीमिंग सेवांवर आपली वर्गणी आपण ऐकलेल्या कलाकारांत वाटली जात नाही. सगळ्यांचे पैसे एका हौदात जातात आणि एकूण ऐकण्यातल्या वाट्याप्रमाणे वाटले जातात. म्हणजे मी महिनाभर एकाच अनोळखी वादकाला ऐकलं तरी माझ्या पैशांतला मोठा भाग मी कधीच न ऐकलेल्या लोकप्रिय गाण्यांकडे जातो. त्यात २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच मिळत नाही.

मी काय करते ते सांगते. ज्यांचं वर्षभर मनापासून ऐकलं अशा दोघा-तिघांचे अल्बम बँडकँपवर, म्हणजे कलाकार स्वतःचं संगीत थेट विकतात त्या संकेतस्थळावर, विकत घेते. डिजिटल विक्रीवर तिथे १५ टक्के कापतात, खूप विक्री झाली की १० टक्के. २०२० च्या मार्चपासून ते अधूनमधून काही शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडतात, मी खरेदी त्या दिवसांसाठी राखून ठेवते. आणि घेतलेली फाइल लगेच उतरवून ठेवते. ही कंपनी २०२२ मध्ये एकदा आणि २०२३ मध्ये पुन्हा विकली गेली आहे. मालक बदलले की नियम बदलू शकतात, आपल्याकडे उतरवलेली फाइल कुठे जात नाही.

पानोपानी

शाईदौत ताई, 'हातात किती पडतं' हा तुमचा प्रश्न अजून तसाच आहे, त्याचं बघू.

यूट्यूबवर साध्या व्हिडिओमधल्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा निर्मात्याचा, शॉर्ट्सवर ४५ टक्के. चॅनेलची पैसे भरून सदस्यता घेतलीत तर त्यातला ७० टक्के. आणि जाहिरातीच्या वाट्यासाठी आधी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास पाहणं (किंवा शॉर्ट्सचे तसेच मोठे आकडे) हा उंबरठा ओलांडावा लागतो. बांधणीसारख्या छोट्या विषयात तिथवर पोचायलाच वर्षं जातात.

थेट वर्गणीत चित्र बरंच वेगळं आहे. लेखकांची वार्तापत्रं वर्गणीवर चालवणारं सबस्टॅक १० टक्के घेतं, पॅट्रिऑनही आता नव्याने येणाऱ्यांकडून १० टक्के, देणग्या गोळा करून देणारं को-फाय एकरकमी देणगीवर स्वतःचा वाटा घेत नाही. पैसे वळते करणाऱ्या सेवेचं शुल्क सगळीकडे वेगळं, आणि देणाऱ्याने खरं लक्ष इथे द्यायला हवं. या शुल्कात सहसा एक ठरावीक भाग असतो, जो दर व्यवहाराला कापला जातो, रक्कम कितीही लहान असो. दर महिन्याला अगदी चिमूटभर दिलंत तर त्यातला बराच भाग बारा वेळा वाटेतच जातो. तीच रक्कम वर्षाची एकदम दिलीत तर तो ठरावीक भाग एकदाच कापला जातो. नियमितपणा हवा हे रेषेवरची यांचं म्हणणं मला मान्य आहे, पण फार छोटी रक्कम असेल तर वार्षिक वर्गणीत दोन्ही साधतं.

दुसरं म्हणजे आयफोनच्या अॅपमधून वर्गणी भरू नका. अॅपलच्या खरेदी व्यवस्थेतून गेलं की ३० टक्क्यांपर्यंत वाटा अॅपलकडे जाऊ शकतो, आणि तो कधी निर्माता सोसतो, कधी तुम्ही. ब्राउझरमध्ये जाऊन भरा. एवढ्याने मोठा फरक पडतो.

सहा-सात जणांचं म्हणाल, तर सगळ्यांना थोडं थोडं वाटू नका. दोघं निवडा. मी निवडताना एकच बघते: हा माणूस उद्या थांबला तर मला दुसरीकडे हे मिळेल का? ज्यांच्यामागे मोठा प्रेक्षकवर्ग आहे त्यांना माझ्यावाचून अडत नाही. केव्हिन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्येच मांडलं होतं की स्वतंत्र कलावंताला लाखोंची गरज नाही, वर्षाला ठरावीक रक्कम देणारे हजार खरे चाहते पुरतात. हजार हा आकडा सगळ्यांना लागू होतो असं नाही, पण छोट्या विषयातल्या माणसाला एकेक वर्गणीदार किती मोलाचा असतो ते त्यातून कळतं.

उगवती

हे सगळं वाचून मला जरा अपराधी वाटायला लागलंय. मी विद्यार्थिनी आहे, स्वतःची कमाई नाही. फुकट मिळतं म्हणूनच मी शिकू शकते. माझ्यासारख्यांनी काय करायचं?

रेषेवरची

उगवती, मनातून ते आधी काढून टाक. मी पानं खुली ठेवते ती तुझ्यासारख्यांसाठीच. जे देऊ शकतात ते देतात, त्यामुळेच मला कुलूप लावावं लागत नाही. तू वाचणं हा कुणावर भार नाही.

आणि फूल ना फुलाची पाकळी म्हणून काही द्यावंसं वाटलंच, तर मला आजवर सर्वात उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगते. एका मुलाने माझी पानं नाव खोडून दुसरीकडे टाकलेली शोधून मला कळवली. एकीने लिहिलं की चौथ्या भागात म्हातारीचा चष्मा दोन चौकटींत वेगळा आहे, आणि तो खरंच होता. एकाने त्याच्या ग्रंथालयाला माझं छापील पुस्तक घ्यायला लावलं. 'छान' असं लिहिणाऱ्यांचीही मी ऋणी आहे, पण नेमकं काय भावलं ते कुणी लिहिलं की मी तो निरोप जपून ठेवते. व्हिडिओ करणाऱ्यांना उपशीर्षकं लिहून दिलीस तर त्यांचे कितीतरी तास वाचतात.

साधाहिशेब

पानोपानींचा निकष पटला. 'थांबला तर दुसरीकडे मिळेल का' हे विचारून मी माझी यादी पुन्हा बघितली. पाच वर्गण्या बंद करतोय आणि एक नवीन सुरू करतोय, ताऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका हौशी निरीक्षकाची. त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलंय की ही देणगी आहे, बदल्यात काही मिळणार नाही. मला तेच बरं वाटलं.

शाईदौत

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री लॅपटॉपवरून तो दुवा पुन्हा उघडला आणि वार्षिक वर्गणी भरली. दुसरी निवड अजून व्हायची आहे. निरोपाच्या चौकटीत आधी नुसतं 'धन्यवाद' लिहिलं होतं. रेषेवरची यांचा प्रतिसाद आठवला, ते खोडून पाचव्या भोकाचं लिहिलं, डायरीचं लिहिलं आणि कण्याचा फोटो जोडला.

एक शंका राहिली. पानोपानी, वार्षिक वर्गणी पुढच्या वर्षी आपोआप कापली जाते का?

पानोपानी

हो, बहुतेक ठिकाणी जाते. संपायच्या पंधरा दिवस आधीची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, म्हणजे तेव्हा त्यांचं वर्षभराचं काम बघून ठरवता येईल. आणि कार्ड बदललंत तर तिथेही बदला. कार्डाची मुदत संपली की वर्गणी गुपचूप बंद पडते, आणि समोरच्याला वाटतं आपण सोडून गेलो.