खरी सुरुवात रेकॉर्डरपासून

ओटीटी आलं आणि प्रेक्षक वेळापत्रकाच्या जाचातून सुटला, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. ही सुटका व्हिडिओ रेकॉर्डरने सुरू केली. १९७५ मध्ये सोनीचा बीटामॅक्स हा टेपवर रेकॉर्ड करणारा रेकॉर्डर आला, पुढच्याच वर्षी त्याचा प्रतिस्पर्धी व्हीएचएस. कार्यक्रम लागेल तेव्हा नाही, तर आपल्याला सवड होईल तेव्हा बघायचा, हे घरोघरी शक्य झालं ते तेव्हापासून. हॉलिवूडचे स्टुडिओ इतके धास्तावले की त्यांनी सोनीला कोर्टात खेचलं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नंतर बघण्यासाठी घरी केलेलं रेकॉर्डिंग वैध ठरवलं, तेही ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने! एक न्यायाधीश तिकडे गेले असते तर?

ओटीटीने खरोखर नवीन आणलं ते वेगळंच. आपण कुठे थांबलो, काय अर्ध्यावर सोडलं, याची नोंद आता ठेवली जाते. टेपला हे कळत नव्हतं. टीआरपीसुद्धा निवडक घरांतल्या मीटरवरून बांधलेला अंदाज. आता प्रत्येकाची आवड वेगळी मोजली जाते, शिफारसही वेगळी येते आणि एकाच घरातले चौघे चार पडद्यांवर असतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. काल रात्रीच्या भागावर सकाळी सगळ्यांनी बोलायचं, ती मजा आता बहुतेक थेट सामन्यांपुरतीच उरली आहे.