मुलांची सुंता आणि मुलींचा खतना: एकच कसोटी लावावी का?

प्रश्न (प्राध्यापक, परभणी)

आमच्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेत एका विद्यार्थिनीने दाऊदी बोहरा समाजातील मुलींच्या खतन्यावर, म्हणजे त्यांच्या जननेंद्रियाचा भाग कापण्याच्या प्रथेवर, बंदी घालावी अशी बाजू मांडली, तेव्हा प्रतिपक्षाने लगेच विचारले की मग मुलांची सुंता कशी चालते. परीक्षक म्हणून मी गुण दिले, पण त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला सुचले नाही. मराठवाड्यात मुलाची सुंता हा नवरदेवासारखा पोशाख, हार आणि दावत यांसह होणारा उघड समारंभ आहे. मुलींच्या बाबतीत इथल्या बहुसंख्य मुस्लिम कुटुंबांत अशी प्रथाच नाही, हे मात्र वर्गातील बऱ्याच मुलांना ठाऊक नव्हते. जाणकारांनी धर्मद्वेष बाजूला ठेवून लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद (शल्यचिकित्सक, नांदेड)

सर, वैद्यकीयदृष्ट्या या दोन गोष्टी एक नाहीत. सुंतेत शिश्नाग्रावरची सैल कातडी काढली जाते. स्त्रियांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेने चार प्रकार मानले आहेत. शिश्निकेवरचे (क्लिटोरिसवरचे) आवरण कापण्यापासून योनिमुख शिवून अरुंद करण्यापर्यंत त्यांची व्याप्ती आहे, आणि यांपैकी एकाचाही आरोग्याला काडीचा फायदा नाही. सुंतेचा काही फायदा आहे. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा येथील चाचण्यांत स्त्रीसंबंधातून पुरुषाला एचआयव्हीची लागण होण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटलेले आढळले आणि २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जिथे लागण फार आहे अशा प्रदेशांसाठी, तिची शिफारस केली. मात्र त्या चाचण्यांतले पुरुष प्रौढ होते आणि स्वतःहून आले होते, त्यामुळे त्यांचा दाखला देऊन तान्ह्या बाळाच्या सुंतेचे समर्थन करणे मला पटत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. काही मुलांच्या लघवीचे छिद्र जन्मतः टोकाऐवजी खालच्या बाजूला असते. अशा मुलाची सुंता आधी करून टाकली, तर पुढे मार्ग दुरुस्त करण्यासाठी जी कातडी वापरायची तीच हातची गेलेली असते. घरी येऊन सुंता करणाऱ्याने हे तपासले नाही, किंवा कुटुंबात रक्त न थांबण्याचा आजार आहे का हे विचारले नाही, तर किरकोळ वाटणारी गोष्ट जिवावर बेतू शकते.

प्रतिसाद (वकील, छत्रपती संभाजीनगर)

तुमच्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही मांडला गेला आहे. खतन्याविरुद्धची याचिका २०१७ मध्ये दाखल झाली. प्रथेच्या बाजूने असलेल्या बोहरा महिलांच्या संघटनेतर्फे युक्तिवाद झाला तो हाच, की मुलांची सुंता वैध असेल तर आमची प्रथा गुन्हा कशी ठरते. केंद्र सरकारने बंदीच्या बाजूने भूमिका घेतली आणि २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले. माझ्या मते या तुलनेचा उपयोग ढालीसारखा केला जातो. एका बालकावर अन्याय होत असेल, तर त्यामुळे दुसऱ्यावरचा अन्याय माफ होत नाही.

उलट बाजूचे उदाहरण जर्मनीचे आहे. कोलोनच्या न्यायालयाने मे २०१२ मध्ये धार्मिक कारणाने केलेली बालकाची सुंता ही शारीरिक इजा ठरवली, त्यावर ज्यू आणि मुस्लिम समाजांत मोठी खळबळ उडाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या संसदेने वैद्यकीय नियम पाळून केलेल्या सुंतेला मान्यता देणारा कायदा केला. त्या निकालातील तर्क मला आजही बिनतोड वाटतो. तो समाजाच्या गळी उतरवणे मात्र न्यायालयाला जमले नाही.

प्रतिसाद (गृहिणी, बीड)

वकीलसाहेब, गळी का उतरत नाही ते मी सांगते. माझ्या मुलाची सुंता आम्ही भूल देऊन दवाखान्यात करून घेतली. सासूबाईंना घरी येऊन सुंता करणारा पिढीजात खलिफाच हवा होता, आणि त्या दोन महिने माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. एवढा बदल घरात होतो, कारण तो आमचा आम्ही करतो. फाळणीत आणि नंतरच्या दंगलींत कपडे उतरवून माणसाचा धर्म पाहिला गेला, हे आमच्या घरांत कोणी विसरलेले नाही, म्हणून बाहेरून बंदीची भाषा आली की तिच्यात बालहक्क कमी आणि बोट दाखवणेच जास्त ऐकू येते.

खतन्याची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याविरुद्ध मासूमा रानालवी यांच्यासारख्या बोहरा स्त्रियाच स्वतःचा अनुभव सांगत पुढे आल्या. साधारण सात वर्षांच्या मुलीला खाऊचे किंवा फिरायला जाण्याचे निमित्त सांगून नेले जाते, आणि घरातल्या पुरुषांना पुष्कळदा त्याचा पत्ताही नसतो. मुलाच्या सुंतेला गाव जेवते. जी गोष्ट मुलीला फसवूनच करावी लागते, तिला समारंभाच्या पंगतीत कसे बसवायचे, हे प्राध्यापकसाहेबांनी त्या विद्यार्थ्यालाच विचारावे.

प्रतिसाद (शल्यचिकित्सक, नांदेड)

ताईंशी सहमत आहे, पण उघडपणा म्हणजे संमती नव्हे. हार घातलेल्या पाच वर्षांच्या मुलालाही कोणी विचारलेले नसते. मोठेपणी सुंता केली तर टाके घालावे लागतात आणि जखम भरायलाही वेळ लागतो, हे खरे. तरीही मुलाच्या जाणतेपणापर्यंत थांबू इच्छिणाऱ्या आईबापांना समाजाने निदान तेवढी मोकळीक द्यावी. तोवर जे करतीलच, त्यांनी आधी मुलाला डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.