सौदीच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवायची ऑफर आहे, एजंट दीड लाख मागून राहिला, जाऊ का?

घाटंजीकर

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, सीएचबीवर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. एम.ए. आणि प्राध्यापकीची सेट परीक्षा झालेली आहे, पीएचडीचा प्रबंध सबमिट करायचा राहिला. तासिकेच्या पैशाचं काय असते ते इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, जुलैचं बिल दिवाळीला निघालं तरी खूप झालं आणि उन्हाळ्यात हातात काहीच नाही. घरी सहा एकर कोरडवाहू वावर, कपाशी अन् तूर, बाबांकडून आता होत नाही, मुलगी तीन वर्षांची आहे.

आता नागपूरच्या एका एजंटमार्फत ऑफर आली. सौदीतल्या सरकारी विद्यापीठात प्रिपरेटरी इयरच्या पोरांना इंग्रजी शिकवायचं, ६,००० रियाल महिना, राहायची सोय, वर्षाला एक तिकीट. पण नोकरी विद्यापीठाची नाही, तिथल्या एका कंपनीची आहे, ती कंपनी विद्यापीठाला शिक्षक पुरवते म्हणे. एजंट प्रोसेसिंगचे दीड लाख मागून राहिला आणि ओरिजिनल डिग्र्या ऑफिसात जमा करा म्हणतो. बायको-मुलीला सोबत न्यायचा विचार आहे. तिथं रोजचं काम कसं असते, किती तास, त्रास कोणता? आमच्या गावातले चार-पाच जण आखातात आहेत पण सगळे साईटवर, विद्यापीठाचं त्यांना काही सांगता येत नाही. ज्यांनी स्वतः शिकवलं त्यांनी कृपया सांगा.

वऱ्हाड ते रियाध

सर, मी अकोला जिल्ह्यातला, सौदीतच शिकवतो, सुरुवातीला असाच कंपनीमार्फत आलो होतो आणि आता विद्यापीठाच्या थेट करारावर आहे, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

आधी काम. पोरं बारावीपर्यंत अरबीत शिकलेली असतात आणि पुढं मेडिकल, इंजिनीअरिंग इंग्रजीतून करायचं असते, म्हणून पहिलं वर्ष भाषेवर जाते. तुम्ही एम.ए.ला जे साहित्य शिकला ते इथं लागत नाही. ठरलेली पुस्तकं, रीडिंग-रायटिंग-लिसनिंग, आणि कोणत्या आठवड्यात कोणतं युनिट संपलं पाहिजे याचा तक्ता वरून येतो, त्याच्या बाहेर जाता येत नाही. वर्गात साधारण वीस तास, पण कंपनीवाल्यांना सकाळी आठला बोट लावून आत जायचं आणि चारला बोट लावून बाहेर, मधात तास नसला तरी स्टाफरूममधे बसून राहायचं, पाच मिनिटं उशीर झाला तरी पगारातून कापलेलं मी पाहिलं आहे. रविवार ते गुरुवार काम, शुक्रवार-शनिवार सुट्टी. हजेरी फार काटेकोर ठेवावी लागते कारण २५ टक्क्यांच्या वर गैरहजेरी गेली की पोराला परीक्षेला बसू देत नाहीत, मग सेमिस्टरच्या शेवटी तो रोज तुमच्या टेबलाजवळ येऊन उभा राहतो. पोरं स्वभावानं चांगली आहेत हो, मान देतात, पण पास करा म्हणून वरून येणारा दबाव सहन करायची तयारी ठेवा.

आता खरा मुद्दा. ६,००० रियाल म्हणजे सव्वा ते दीड लाखाच्या मधात, आपल्याकडून पाहिलं तर डोळे फिरतात, पण तुमचा मालक कोण हे पगारापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. थेट विद्यापीठाच्या करारावर उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार मिळतो. कंपनी बरेचदा दहा महिन्यांचाच करार करते, आणि विद्यापीठाचं टेंडर दुसऱ्या कंपनीला गेलं की तुम्ही कितीही चांगलं शिकवत असा, तुमची जागा गेली किंवा भलत्याच शहरात बदली. माझ्यासोबतच्या दोघांना असंच एका महिन्याच्या नोटिशीवर परत जावं लागलं, एकाची मुलं शाळेत होती. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो म्हणजे तिथं गेल्यावर मन खट्टू होणार नाही: त्याच स्टाफरूममधे, तेच पुस्तक शिकवणाऱ्या ब्रिटिश किंवा अमेरिकन पासपोर्टवाल्याला तुमच्यापेक्षा बराच जास्त पगार असू शकतो, तुमचा अनुभव दुप्पट असला तरी. हे चूक आहे आणि मी ते प्रत्येक मीटिंगमधे बोलतो.

कुटुंब नेण्याबद्दल. कंपनीच्या म्हणजे खाजगी इकाम्यावर (इकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना) सोबत आणलेल्या प्रत्येक माणसामागं महिन्याला ४०० रियाल डिपेंडंट फी लागते, २०२० पासून हाच दर आहे. बायको आणि मुलगी म्हणजे ८०० रियाल महिना, वर्षाला ९,६०० आणि ते इकामा रिन्यू करताना भरावे लागतात, म्हणजे दीड महिन्याच्या वर पगार त्यातच गेला. कंपनी ती भरते का ते करारात पाहा. 'राहायची सोय' म्हणजे फॅमिली फ्लॅट की चार मास्तरांत एक किचन, हे पण लिहून घ्या. आमच्या वेळी एका फ्रीजमधे चार जणांची भाजी, डब्यावर नावं लिहून ठेवायचो.

आर्वीवाले सर

मी सौदीत नव्हतो, इथिओपियाच्या विद्यापीठात होतो, पण कामाचं सांगतो. तिथं भारतीय मास्तरांची परंपरा जुनी, सम्राट हैले सेलासींच्या काळापासूनची, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी रस्त्यात थांबवून 'मला इंडियन सरांनी शिकवलं' असं सांगितलेलं मी ऐकलं आहे, ते सुख वेगळंच. काम मात्र जड, मोठमोठे वर्ग, लाईट गेली की प्रोजेक्टर बंद, खडू-फळ्यावर आलो. पगार कागदावर डॉलरमधे, पण देशात परकीय चलनाचाच तुटवडा, त्यामुळं घरी पैसे पाठवायला बँकेत नंबर लावून बसावं लागे. आणि नोव्हेंबर २०२० ला तिथल्या उत्तरेकडच्या टिग्रे प्रांतात युद्ध सुरू झालं तेव्हा तिकडं शिकवणाऱ्या लोकांचे फोन लागेनात, त्यांच्या घरच्यांचे काय हाल झाले असतील विचार करा.

म्हणून घाटंजीकर भाऊ, पगार कोणत्या चलनात, कोणत्या बँकेत आणि घरी पाठवायची मोकळीक किती, हे पाहा. या बाबतीत सौदी बरी, रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे.

वडसाची ताई

मी आधी ओमानला शिकवत होते, आता गावीच आहे. एजंटबद्दल बोलते कारण दीड लाख वाचून मला राग आला आहे. नोंदणी असलेल्या रिक्रूटिंग एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते, आणि पावती द्यावी लागते. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून पाहा, नाव नाही निघालं तर त्याच्या ऑफिसची पायरी पण चढू नका. बाबांना वावर गहाण ठेवायला लावू नका हो भाऊ.

डिग्र्यांचं असं आहे, अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद खरा आहे असा परदेशात चालणारा सरकारी शिक्का घ्यायला, ओरिजिनल द्यावी लागते कारण स्टिकर मूळ कागदाच्या मागंच लागतो, आधी मुंबईला राज्य सरकारचं अटेस्टेशन आणि मग परराष्ट्र मंत्रालय. सौदी डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल मानते, त्यामुळं पहिल्यासारखं दूतावासाचं झंझट राहिलं नाही. मंत्रालयाची फी एका कागदामागं ५० रुपये, वरून एजन्सीचा चार्ज. पण काम झालं की डिग्री तुमच्या हातात परत आली पाहिजे. 'जमा करा' म्हणजे काय? नोकरी सोडायची वेळ आली की तोच कागद अडवून ठेवतात. पासपोर्ट पण कोणाला ठेवायला देऊ नका, सौदीच्या कायद्यातच मालकाला तो ठेवता येत नाही.

अजून एक, करारात पदाचं नाव काय आहे? यूजीसीच्या २०१८ च्या नियमात परदेशातली सेवा मोजता येते, पण ती रेग्युलर आणि असिस्टंट प्रोफेसरच्या बरोबरीच्या पदावरची लागते. कंपनीचा 'लँग्वेज इन्स्ट्रक्टर' त्यात बसवणं कठीण. परत येऊन इकडं मुलाखती द्यायच्या असतील तर हा विचार आत्ताच करा, आणि पीएचडी सबमिट करूनच निघा, तिथं गेल्यावर होत नाही.

घाटंजीकर

सर, ताई, खूप खूप आभार, बायकोला सगळं वाचून दाखवलं. पोर्टलवर पाहिलं, त्या एजंटचं नाव नाही. फोन केला तर म्हणे 'आमचं मुंबईच्या पार्टीशी टायअप आहे'. कराराची कॉपी मागितली तर दोन पानं पाठवली, अर्धी अरबीत, उन्हाळ्याच्या पगाराचं अन् डिपेंडंट फीचं त्यात काहीच नाही. प्रोबेशन १८० दिवस लिहिलं आहे, हे बरोबर आहे का? आणि समजा दुसऱ्या मार्गानं कंपनीतच लागलो तर मधात सोडता येते का?

वऱ्हाड ते रियाध

प्रोबेशन १८० दिवसांपर्यंत कायद्यात चालते, त्या काळात ते तुम्हाला ग्रॅच्युइटी न देता काढू शकतात. २०२१ पासून खाजगी कंपनीतला माणूस एक वर्ष झाल्यावर मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडं जाऊ शकतो, पण त्यासाठी करार 'किवा' (Qiwa) नावाच्या सौदीच्या सरकारी पोर्टलवर चढवलेला पाहिजे, आल्या आल्या तो तपासायचा. राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत ग्रॅच्युइटी शून्य, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश. अरबी आणि इंग्रजीत फरक निघाला तर तिथं अरबी धरतात, म्हणून सही करायच्या आधी ते अरबी पान कोणाकडून तरी वाचून घ्या.

हा एजंट सोडा. विद्यापीठं स्वतःच्या साईटवर जागा टाकतात, बहुतेक वसंतात, सप्टेंबरच्या आधी भरती होते. पीएचडी हातात असली तर थेट अर्ज करता येईल. तुमचा सीव्ही मला इथं मेसेजमधे पाठवा, शुक्रवारी सुट्टी आहे, बसून पाहतो.